पाऊण मिलिमीटरात हलणारं चित्र

खिशातलं कुठलंही बँकेचं कार्ड काढा आणि मोजा. ८५.६० मिलिमीटर लांब, ५३.९८ मिलिमीटर रुंद आणि ०.७६ मिलिमीटर जाड. जाडीत फार तर ०.०८ मिलिमीटर इकडे-तिकडे चालतं, त्याच्या पलीकडे मानक माफ करत नाही. कार्ड पुण्यातलं असो की पॅराग्वेतलं, माप तेच. रंग हवा तो द्या, वाघ छापा, ताजमहाल छापा, स्वतःच्या पोराचा फोटो छापा, बँकेची ना नाही. मग एक प्रश्न पडतो. कार्ड तिरकं केलं की हलणारं चित्र त्यावर का नाही आलं? म्हणजे आलं, पण बँकांच्या कार्डांवर ते कधी नीट रुजलंच नाही. असं का, ही गोष्ट मला वाटली होती त्यापेक्षा बरीच मजेदार निघाली.

कुठलं चित्र म्हणतोय ते कळलं असेलच. शाळेत एखाद्याकडे तरी ती पट्टी असायची, हलवली की त्यावरची बाई डोळा मारायची. जत्रेत फ्रेमा मिळतात, इकडून गणपती, तिकडून लक्ष्मी, आणि मधोमध उभं राहिलं तर दोघांची खिचडी. वरून नख फिरवलं की खर्र्र आवाज येतो, कारण पृष्ठभाग सपाट नसतो, त्यावर बारीक पन्हळी असतात. प्रत्येक पन्हळ म्हणजे एक लांबुळकं भिंग. इंग्रजीत याला लेंटिक्युलर म्हणतात. लेन्स हा शब्द लॅटिनमधला, आणि त्याचा मूळ अर्थ चक्क मसूर! दोन्ही बाजूंनी फुगीर काच मसुरासारखी दिसते म्हणून. तेव्हा लेंटिक्युलरचं शब्दशः मराठी करायचं तर 'मसुरी चित्र' म्हणावं लागेल. असो.

कल्पना भिंगांपेक्षाही जुनी आहे. सतराव्या शतकात युरोपात चित्रकार दोन चित्रांचे उभे काप करून ते घडीच्या कागदासारख्या पृष्ठभागावर एकाआड एक चिकटवत. घडीच्या डाव्या उतारांवर एक चित्र, उजव्या उतारांवर दुसरं. गास्पार आंत्वान द ब्वा-क्लेर नावाच्या चित्रकाराची १६९२ सालची अशी चित्रं कोपनहेगनच्या रोझेनबोर्ग किल्ल्यात आहेत. एका बाजूने चालत गेलात तर एक चेहरा, परत येताना दुसरा. ही युक्ती आपल्याही खिशात आहे, ते पुढे सांगतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तीन माणसं या वाटेवर एकामागोमाग आली. अमेरिकेतल्या फ्रेडरिक आइव्हजने १९०३ साली पेटंट घेतलं. त्याने पट्ट्यापट्ट्यांच्या चित्रापुढे बारीक काळ्या रेघांची जाळी लावली. रेघांमधल्या फटींतून प्रत्येक डोळ्याला वेगळी पट्टी दिसते आणि चित्र उठावदार भासतं. अडचण अशी की काळ्या रेघा बराचसा उजेड खाऊन टाकतात. १९०८ साली फ्रान्समध्ये गाब्रिएल लिपमानने सुचवलं की फटी कशाला, माशीच्या डोळ्यासारखी बारीक भिंगंच बसवा ना. त्याच वर्षी त्याला नोबेल मिळालं, पण ते रंगीत छायाचित्रणासाठी. आणि मग स्वित्झर्लंडच्या वॉल्टर हेसने गोल भिंगांऐवजी सरळ पन्हळी वापरल्या. त्याचं अमेरिकन पेटंट १९१५ सालचं आहे. या हेसलाही पुढे नोबेल मिळालं, १९४९ साली, मेंदूवरच्या कामासाठी. थोडक्यात, जत्रेतल्या डोळा मारणाऱ्या बाईच्या पूर्वजांमध्ये दोन नोबेलवाले आहेत :-)

पैसा मात्र तिसऱ्याच माणसाने केला. न्यूयॉर्कजवळच्या माउंट व्हर्ननमध्ये व्हिक्टर अँडरसनची पिक्टोरियल प्रॉडक्शन्स नावाची कंपनी होती. तिने दुसऱ्या महायुद्धानंतर 'व्हॅरी-व्ह्यू' नावाने ही चित्रं घाऊक काढली. १९५२ च्या निवडणुकीत आयझेनहॉवरचे बिल्ले निघाले, इकडून घोषणा, तिकडून त्यांचा चेहरा. खाऊच्या पुडीत फुकट मिळणाऱ्या वस्तू, बिल्ले, कीचेन, सगळीकडे हे चित्र पोचलं. जपानमध्ये १९६० साली डाक्कोचान नावाच्या फुगवायच्या बाहुलीचं खूळ आलं, तिचे डोळे असेच मिचकायचे. १९६४ च्या २५ फेब्रुवारीच्या अंकात 'लुक' या अमेरिकन मासिकाने एडिसनच्या पुतळ्याचं थ्रीडी चित्र वाटलं, खप सुमारे ८० लाख प्रतींचा. भूतानने १९६७ साली थ्रीडी टपाल तिकिटं काढली, आणि त्याच वर्षी रोलिंग स्टोन्सच्या एका अल्बमच्या मुखपृष्ठावरही हे चित्र आलं.

आता ही यादी परत वाचा. बिल्ला, बाहुली, खाऊ, तिकीट, गाण्याची तबकडी. म्हणजे सत्तरचं दशक येईपर्यंत हे तंत्र पुरतं खेळण्यातलं होऊन बसलं होतं. माझ्या मते बँकांच्या नाखुशीचं एक कारण इथेच आहे. ज्या गोष्टीकडे बघून पोरं खिदळतात ती गोष्ट पैशाची हमी म्हणून कोण छापणार? पण हे कारण दुय्यम. खरी अडचण प्लॅस्टिकच्या आत होती, आणि ती समजायला हे चित्र बनतं कसं ते थोडं खोलात बघावं लागेल.

समजा १२ चित्रांची छोटीशी हालचाल दाखवायची आहे. एका इंचात ७५ पन्हळी असलेला प्लॅस्टिकचा पत्रा घेतला, तर एक पन्हळ ०.३३९ मिलिमीटर रुंद. तिच्याखाली बाराही चित्रांची एकेक पट्टी बसवायची, म्हणजे एक पट्टी झाली ०.०२८ मिलिमीटर, केसाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी. मशीन इंचाला २४०० ठिपके काढत असेल तर एका पन्हळीखाली ३२ ठिपके येतात आणि एका चित्राच्या वाट्याला जेमतेम अडीच. प्रोग्रॅम लिहायला अगदी किरकोळ आहे. ओळीचा क्रमांक घ्या, पन्हळीच्या रुंदीने भागा, बाकी बघा, तिला १२ ने गुणा, आलं कुठल्या चित्राचा काप घ्यायचा ते. कॉलेजातलं पोरगं अर्ध्या तासात लिहील. अँडरसनच्या काळात मात्र हे सगळं कॅमेऱ्याने, फिल्मवर, हाताने चालायचं. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर आणि बारीक छपाई स्वस्त झाली आणि या धंद्याला दुसरा जन्म मिळाला तो त्यामुळेच.

पन्हळी उभ्या ठेवायच्या की आडव्या, हाही एक गमतीचा मुद्दा. असा पत्रा साधारण ४५ ते ५० अंशांच्या आवाक्यात एकदा सगळी चित्रं दाखवून मोकळा होतो, म्हणजे एका चित्राला चारेक अंश. फूटभर अंतरावर आपले दोन डोळे मिळून साधारण १२ अंशांचा कोन होतो. पन्हळी उभ्या असल्या तर डावा डोळा चौथं चित्र बघतो आणि उजवा सातवं. थ्रीडीसाठी नेमकं हेच हवं असतं, पण हालचालीच्या चित्रात दोन्ही मिसळून भुतासारखी सावली दिसते. म्हणून हलणाऱ्या चित्राच्या पन्हळी आडव्या ठेवतात, दोन्ही डोळ्यांना एकच चित्र दिसतं, आणि कार्ड वर-खाली कलवावं लागतं.

प्रोग्रॅम सोपा आहे, पण प्लॅस्टिक सोपं नाही. पत्रा तयार करताना वितळलेलं प्लॅस्टिक कोरीव रुळावरून काढतात. रूळ कितीही नेमका कोरला तरी थंड होताना पत्रा आकसतो, आणि इंचाला ७५ म्हणून घेतलेल्या पत्र्यात प्रत्यक्षात ७५.१ पन्हळी निघतात. ०.१ म्हणजे किती, असं वाटेल. कार्डाची रुंदी सव्वादोन इंचांच्या किंचित आत आहे. तेवढ्यात चूक साचत जाते एका पन्हळीच्या पाचव्या हिश्शाएवढी, म्हणजे बारापैकी अडीच चित्रं! कार्डाच्या वरच्या कडेला घोडा पळायला लागलेला आणि खालच्या कडेला अजून उभा. म्हणून छापणारे आधी चाचणी-पट्टी काढतात. ७४.९०, ७४.९५, ७५.००, ७५.०५ असे रेघांचे गट छापायचे, त्यावर पत्रा ठेवायचा आणि ठरावीक अंतरावरून बघायचं. जो गट कडेपासून कडेपर्यंत एकसारखा काळा किंवा पांढरा होतो तो खरा आकडा. ज्यांनी कधी क्लॉक ड्रिफ्टशी झुंज दिली आहे त्यांना हे दुःख ओळखीचं वाटेल.

त्यात तापमान. हे प्लॅस्टिक दर अंशाला मीटरमागे साधारण ०.०६ ते ०.०७ मिलिमीटर फुगतं. छपाईचा मोठा पत्रा ७० सेंटिमीटरचा धरा. सकाळी गोदामातून आणलेला पत्रा आणि मशीनवर तापलेला पत्रा यांत २० अंशांचा फरक पडला की झाली अडीच-तीन पन्हळींची चूक. म्हणून पत्रे आधी दिवसभर छापखान्याच्या हवेत मुरवत ठेवावे लागतात. छपाई होते पत्र्याच्या मागच्या, सपाट बाजूवर, आरशातल्यासारखी उलटी, आणि शेवटी पांढरा थर. भिंगाचा फोकस बरोबर त्या मागच्या पृष्ठभागावर पडायला हवा, म्हणून पत्र्याची जाडी भिंगाच्या गोलाईशी बांधलेली असते. ७५ वाल्याची जाडी साधारण ०.४६ मिलिमीटर, १०० वाल्याची ०.३६ च्या आसपास. पातळ हवा असेल तर पन्हळी बारीक करा, आणि पन्हळी बारीक केल्या की छपाई आणखी नाजूक. फुकट काही नाही.

आता हा पत्रा घेऊन कार्डाच्या कारखान्यात जाऊ.

प्लॅस्टिकच्या कार्डाचा इतिहास थोडक्यात असा. बँक ऑफ अमेरिकाने सप्टेंबर १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावात ६०,००० लोकांना न मागता कार्डं टपालाने पाठवून दिली. थकबाकी ४ टक्के राहील असा अंदाज होता, ती गेली २२ टक्क्यांवर. फसवणूक कार्डाइतकीच जुनी आहे ती अशी. अमेरिकन एक्स्प्रेसने १९५९ साली कागद सोडून प्लॅस्टिक आणलं. आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएमच्या फॉरेस्ट पॅरीला प्लॅस्टिकच्या ओळखपत्रावर चुंबकीय टेप चिकटवायची होती. कुठलाही डिंक लावला की टेप सुरकुतायची. घरी आला तेव्हा बायको कपड्यांना इस्त्री करत होती. ती म्हणाली, इस्त्रीने चिकटवून बघ की. चिकटली! आयबीएमवाले ही गोष्ट अजून अभिमानाने सांगतात.

या गोष्टीतला मुख्य पात्र म्हणजे इस्त्री, कारण तिथून पुढे कार्डाचा सगळा धंदा उष्णतेवर उभा राहिला. पीव्हीसीचे छापलेले पत्रे, वर पारदर्शक थर, मागे चुंबकीय पट्टी, हे सगळं चकचकीत पोलादी पाट्यांमध्ये दाबून सव्वाशे-दीडशे अंशांपर्यंत तापवायचं, की ते एकजीव होतं. मग त्याची कार्डं कापायची. या दाबाखाली पन्हळीचा पत्रा घातला तर काय होईल? पन्हळी सपाट. इस्त्रीखाली चुणीदार कापड घातल्यासारखं. म्हणजे लेंटिक्युलर कार्डाला वेगळी रीत हवी, थंड डिंकाची नाहीतर कमी तापमानाची, आणि डिंकाने जोडलेले थर एकजीव झालेल्या कार्डासारखे वर्षानुवर्षं टिकतील याची खात्री कोण देणार?

बरं, तेही जमवलं. मग जाडी. ०.७६ पैकी ०.४६ भिंगांनीच खाल्ले. उरलेल्या ०.३० मिलिमीटरमध्ये शाई, पांढरा थर, डिंक, मागचं प्लॅस्टिक आणि चुंबकीय पट्टी. (गंमत म्हणजे त्या पट्टीवरच्या दुसऱ्या ट्रॅकमध्येही इंचाला ७५ बिटच असतात. पुढे ७५ भिंगं, मागे ७५ बिट. निव्वळ योगायोग, पण मला फार आवडला.) पट्टी मागे असल्यामुळे रीडरच्या डोक्याला पन्हळींचा त्रास नाही. त्रास होता उठावदार आकड्यांचा. कार्डाचा नंबर आणि नाव ठोकून उठवायची पद्धत होती, कारण दुकानदार ते कार्बनवर घासून घ्यायचा. ठोकलं की तिथली भिंगं चिरडली जातात आणि चित्राच्या ऐन मधून एक आंधळा पट्टा जातो. नंतर चिप आली, तिच्यासाठी खाच कोरा, आणि चिपचा पृष्ठभाग कार्डाशी समपातळीत हवा. समपातळी पन्हळीच्या माथ्याशी धरायची की खोबणीशी? शिवाय एटीएमचे रूळ, पाकिटातली चिल्लर, भिंगांवर पडणारे ओरखडे...

नेमक्या याच वेळी प्रतिस्पर्धी आला. १९६८ साली पोलरॉइडमधल्या स्टीफन बेंटनने साध्या उजेडात दिसणारा होलोग्राम शोधला. तो धातूच्या पातळ पन्नीवर ठसा मारून छापता यायचा आणि पन्नी कार्डावर गरम ठशाने चिकटवता यायची. पुन्हा उष्णता! कारखान्यातली एकही सवय बदलावी लागली नाही आणि जाडीत फरक जवळजवळ शून्य. मास्टरकार्डने १९८३ साली तो आणला, व्हिसाचं कबूतर १९८४ चं. 'नॅशनल जिओग्राफिक'ने मार्च १९८४ च्या मुखपृष्ठावर गरुडाचा होलोग्राम छापला तो याच लाटेत. आणि उठावदार आकड्यांशी त्याचं भांडण तर नव्हतंच, उलट मैत्री. शेवटचे आकडे मुद्दाम होलोग्रामवरच ठोकत, म्हणजे कोणी इस्त्रीने नंबर सपाट करून नवा ठोकायला गेला तर कबूतराचे पंख आधी मोडणार.

तेव्हा होलोग्राम जिंकला तो सुंदर होता म्हणून नव्हे. तो कारखान्याला सोयीचा होता म्हणून. आमच्या धंद्यातही चांगली लायब्ररी मागे पडते आणि जुन्या बिल्डमध्ये बसणारी लायब्ररी टिकते, तसंच.

लेंटिक्युलरला मग जागा मिळाली ती गिफ्ट कार्डांवर. उठावदार आकडे नाहीत, चिप नाही, दोन-चारदा वापरलं की संपलं, टिकण्याची चिंता नाही. २००० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या दुकानांत हलणाऱ्या चित्रांची गिफ्ट कार्डं रांगेने टांगलेली असायची. तिथे खेळणं दिसणं हा दोष नव्हता, तोच उद्देश होता. पोरगं ओढून घेतं आणि आई पैसे भरते.

इथे गोष्ट संपली असती. पण ज्या दोन अडचणींनी या तंत्राला कार्डाबाहेर ठेवलं होतं, त्याच दोन्ही कुणीतरी उलट्या करून वापरल्या.

पहिली उष्णता. ओळखपत्रं पॉलिकार्बोनेटची व्हायला लागली तेव्हा भिंगं वाचवायच्या भानगडीत न पडता दाबाच्या पोलादी पाटीवरच पन्हळी कोरल्या गेल्या. आता तापवून दाबलं की पन्हळी मोडत नाहीत, उमटतात. आणि छपाईच नाही, आतला थर लेसरने जाळून काळा करायचा, तोही भिंगांमधून. एका कोनातून लेसर मारला की फोटो, दुसऱ्या कोनातून मारला की तारीख. ज्या भिंगातून ज्या कोनाने किरण आत गेला त्याच वाटेने डोळा आत बघतो. म्हणजे ते ७५ की ७५.१, चाचणी-पट्टी, मुरवलेले पत्रे, सगळी कटकट मुळातूनच गेली! रंग मिळत नाही, फक्त काळा-करडा, पण ओळखपत्राला तेवढं पुरतं. नोव्हेंबर २०१० पासूनच्या जर्मन ओळखपत्रावर असं चित्र आहे, कलवलं की माणसाचा चेहरा आणि मुदतीची तारीख आलटून-पालटून दिसतात. शिवाय ते प्रत्येक माणसाचं वेगळं. होलोग्राम सगळ्यांच्या कार्डावर एकच असतो, चोरून आणलेली पन्नी कुठल्याही खोट्या कार्डावर लावता येते. हे चित्र तसं उचलून लावता येत नाही. मला तरी हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा उपाय वाटतो.

दुसरी अडचण मापांतल्या फरकाची. भिंगांचं माप आणि छापलेल्या आकृत्यांचं माप जुळलं नाही की चित्र सरकतं, हे वर पाहिलंच. क्रेन कंपनीने ते मुद्दामच जुळू दिलं नाही. नोटेच्या धाग्यात डोळ्याला न दिसणारी सूक्ष्म भिंगं, त्यांच्याखाली तितक्याच सूक्ष्म आकृत्या, आणि दोन्हींच्या मापांत किंचित फरक. त्या फरकातून आकृतीची मोठी प्रतिमा तयार होते आणि नोट कलवली की ती वाहते. स्वीडनच्या २००६ सालच्या १००० क्रोनरच्या नोटेवर हा धागा पहिल्यांदा आला. अमेरिकेच्या १०० डॉलरच्या नोटेवरची निळी पट्टी ८ ऑक्टोबर २०१३ पासून चलनात आली, तिच्यात घंटेचं १०० होतं. नोट पुढे-मागे कलवा, चित्रं डावी-उजवीकडे सरकतात. डावी-उजवीकडे कलवा, ती वर-खाली जातात. बगचं फीचर करणं म्हणतात ते हेच.

आणि आपल्या नोटा? गांधीजींच्या चित्राच्या मालिकेतल्या मोठ्या नोटांवर छुपी प्रतिमा असते, नोट डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरली की किमतीचा आकडा उमटतो. तिथे भिंग नाहीच. दाट शाईच्या रेघा कागदावर किंचित उठलेल्या असतात आणि तिरक्या नजरेला त्यांच्या आडव्या-उभ्या दिशांतला फरक दिसतो. ब्वा-क्लेरच्या घडीच्या चित्राची ही धाकटी बहीण. पाचशेची नोट काढून खिडकीपाशी करून बघा, अर्धा मिनिट लागतो.

कार्डांचं मात्र वेगळंच झालंय. रिझर्व्ह बँकेने नुसत्या चुंबकीय पट्टीची कार्डं बदलून चिपची करायला ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत दिली होती. मोठ्या कार्ड कंपन्यांनी २०१८ मध्येच सहीची सक्ती सोडली. मास्टरकार्डने २०२१ साली जाहीर केलं की २०३३ पर्यंत त्यांच्या कार्डांवर चुंबकीय पट्टी राहणार नाही. उठावदार आकडे तर कित्येक नव्या कार्डांवर नाहीतच, नंबर गुपचूप मागे गेलाय. म्हणजे भिंगांना चिरडणारा ठोका गेला, पट्टी जाते आहे, पुढची बाजू मोकळी पडली आहे. पण दुकानदार आता कार्ड हातात घेऊन निरखतच नाही. ते मशीनला टेकवतात आणि परत खिशात घालतात, आणि २०१६ मध्ये यूपीआय आल्यापासून कितीतरी वेळा ते खिशातून बाहेरही येत नाही.